कॅमेरा कुठे उभा होता?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे छापताना प्रस्तावनेत त्यांनी बखरींची कसून झडती घेतली. लिहिणारा प्रसंगाच्या वेळी कोठे होता, त्याने पाहिले किती आणि ऐकले किती, हे विचारल्याशिवाय कागदावर विश्वास टाकू नये, ही शिस्त मराठी वाचकाच्या अंगी बाणली ती अशा लेखनामुळे. योगायोग असा की, त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत एका मराठी छायाचित्रकाराने चलच्चित्राचे यंत्र रोखून इतिहासाचे एक सर्वस्वी नवे साधन निर्माण करण्यास आरंभ केला. आता त्या गोष्टीस सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. कागदाला विचारावयाचे प्रश्न आपण शिकलो. परंतु पडद्यावरचे वास्तव मात्र अजूनही ‘डोळ्यांनी पाहिले’ म्हणून जसेच्या तसे मान्य करतो. प्रस्तुत लेखात आम्ही माहितीपटाच्या मराठी परंपरेतील काही ठळक टप्प्यांना तोच जुना प्रश्न विचारू इच्छितो: हे दिसले तेव्हा कॅमेरा कुठे उभा होता?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. तो पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात केलेले हे अगदी आरंभीचे चित्रण होय. ती फीत धुण्यासाठी विलायतेस पाठवावी लागली. आज ती उपलब्ध नाही. तरीही कॅमेऱ्याच्या जागेचा प्रश्न सावे दादांपुढे कसा उभा राहिला असेल, याचे अनुमान त्या काळच्या यंत्रावरून करता येते. तिवईवर उभे केलेले यंत्र, हाताने फिरवायचा दांडा आणि जेमतेम एखाद्या मिनिटाची फीत! मध्येच जागा बदलणे नाही, भिंग बदलून जवळ जाणे नाही. कुस्तीत मल्ल कोणत्या बाजूस झेपावेल ते आधी सांगता येत नाही आणि पायांची पकड दिसली नाही तर डाव कळत नाही. अशा वेळी छायाचित्रकाराने इतके मागे सरकावयाचे की दोघांची डोकी, पाय आणि भोवतालची मोकळी जमीन एकाच चौकटीत मावेल. आज ज्याला आपण ‘लाँग शॉट’ म्हणतो, तो त्या काळी गरजेतून जन्मला. मात्र त्या गरजेत एक न्यायही होता. सबंध आखाडा दिसत असल्याने कोणाकडे पाहावयाचे हे प्रेक्षकाने ठरवावयाचे असे.

याचा अर्थ त्या आद्यकाळी जागेची निवड नव्हतीच असा नाही. लुमिएर बंधूंची फलाटावर येणारी आगगाडी सर्वांना परिचित आहे. कॅमेरा रुळांच्या समोरासमोर किंवा काटकोनात न ठेवता फलाटाच्या कडेशी तिरका ठेवल्यामुळे दूरवर ठिपक्याएवढे दिसणारे इंजिन वाढत वाढत चौकटीच्या कडेपर्यंत येते आणि मग डब्यांतून उतरणारी माणसे अगदी निकट दिसतात. कॅमेरा तसूभरही न हलवता दूरचे, मधले आणि जवळचे अशी तिन्ही दृश्ये एकाच फितीत मिळाली, ती निव्वळ उभे राहण्याच्या जागेमुळे.

सावे दादांच्या पुढच्या दोन चित्रणांची तुलना उद्बोधक ठरते. केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले, त्या प्रसंगाचे चित्रण सावे दादांनी केले. तेथे विषय आपला, माणूस आपला आणि गर्दीही आपली. त्यानंतर १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही चित्रण त्यांनी केले. दरबारात कोण कोठे बसेल, कोण कोणत्या हत्तीवरून जाईल आणि सामान्य माणसाने कोठवर यावे, हे सारे राज्यकर्त्यांनी आखून दिलेले होते. अंबारीतल्या स्वारीकडे जमिनीवरून पाहणारे भिंग मान वर करूनच पाहणार! खालून वर पाहिले की माणूस मोठा दिसतो, हे शरीराला ठाऊक असलेले सत्य आहे. लहान मूल वडीलधाऱ्यांकडे असेच पाहत असते. त्या सत्याचा जाणीवपूर्वक उपयोग पुढे किती भयंकर रीतीने झाला, हे पाहावयाचे तर १९३५ साली जर्मनीत प्रदर्शित झालेला लेनी रिफेनश्टाल यांचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ पाहावा. न्यूरेंबर्गच्या मेळाव्यात कॅमेऱ्यासाठी रूळ टाकले होते, ध्वजस्तंभावर पाळणा बसविला होता. नेता खालून पाहिलेला, म्हणून आभाळाला भिडणारा; आणि जनता उंचावरून पाहिलेली, म्हणून मुंग्यांच्या रांगेसारखी. भाषणातला एकही शब्द न कळणाऱ्यालाही तेथे कोण मोठा आणि कोण नगण्य ते कळून चुकते.

दादासाहेब फाळके यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या कथापटाचे जनक म्हणून ओळखतो. परंतु त्याआधी त्यांच्या कॅमेऱ्याने एक वाटाणा टिपला होता. १९१२ मध्ये विलायतेहून परतल्यावर भांडवल देणाऱ्यांना या धंद्याची खात्री पटवावयाची होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत रोपाची कित्येक दिवसांची वाढ क्षणांत उलगडून दाखविली. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ती चित्रफीत ओळखली जाते. या प्रयोगाचे मर्म कॅमेऱ्याच्या अचलपणात आहे. दोन चौकटींच्या दरम्यान यंत्र बोटभर जरी सरकले, तरी पडद्यावर रोप वाढण्याऐवजी उडी मारणार. फाळक्यांनी कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते, पुरातत्त्व खात्यात चित्रकार-छायाचित्रकार म्हणून नोकरीही केली होती. वस्तूपुढे निश्चल उभे राहून ती जशी आहे तशी टिपावयाची, ही सवय तेथे उपयोगी पडली असली तर नवल नाही.

त्यांचा दुसरा लघुपट ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा. त्याचे काही तुकडे सुदैवाने शिल्लक आहेत. त्यात स्वतः फाळके कलावंतांना सूचना देताना, फीत पाहताना, तिचे तुकडे जोडताना दिसतात. लोकांना चमत्कार दाखविणाऱ्या माणसाने तो चमत्कार कसा घडतो तेही उघड करून दाखवावे, आणि त्यासाठी कॅमेऱ्यामागची आपली जागा सोडून त्याच्या पुढ्यात येऊन बसावे, यात मोठा प्रांजळपणा आहे. माहितीपट काढणाऱ्याने स्वतःही दिसावे की अदृश्य राहावे, हा वाद पुढे जगभर झाला. आपल्याकडे त्याचे एक उत्तर इतक्या लवकर, तेही हातांच्या कामातून दिले गेले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने माहितीपटांसाठी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमले, त्याची धुरा काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडे होती. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन होईपर्यंत देशाच्या चित्रस्मृतीचा फार मोठा भाग तिच्याच भांडारात जमा होत राहिला. परवान्याच्या अटीमुळे प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य खेळाआधी वार्तापट किंवा माहितीपट दाखवावा लागे. आमच्या पिढीने धरणे, पोलाद कारखाने, दुष्काळ आणि पूर प्रथम पाहिले ते या पडद्यावर. त्या माहितीपटांचे ऋण मान्य करूनच सांगितले पाहिजे की, त्यांतील पुष्कळांच्या कॅमेऱ्याची जागा ठरून गेलेली होती. धरण टेकडीवरून, धुराडे पायथ्यापासून, यंत्र अगदी जवळून, आणि मजूर बहुधा पाठमोरा किंवा नुसत्या हातांच्या रूपाने. वरून एक भारदस्त आवाज सर्व काही समजावून सांगे. ज्याच्याविषयी सांगितले जाई तो माणूस मात्र क्वचितच बोले. त्याला कारणही होते. जागेवर जाऊन आवाज आणि चित्र एकदम टिपणारी यंत्रे त्या काळी अवजड होती. नंतर निवेदन जोडणे सोपे आणि स्वस्त पडे, शिवाय तोच माहितीपट अनेक भाषांत काढता येई. आम्ही आयुष्य शासकीय सेवेत घालविले, त्यामुळे ही दृष्टी आम्हांला अनोळखी नाही. दौऱ्यावरचा अधिकारी गाव असेच पाहतो: आधी उंचवट्यावरून सर्वसाधारण आढावा, मग कामाची मोजणी आणि शेवटी वेळ उरल्यास माणसे.

ही चाकोरी त्याच संस्थेच्या आतून मोडली गेली, हे विशेष. १९६७ सालचे दोन माहितीपट त्यासाठी पाहावेत. एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली, वीस वर्षांची मुले-मुली कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. कोणी आशेने, कोणी तिरकसपणे. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीला आला आणि निवेदकाचा आवाज बाजूला सरला. दुसरा माहितीपट मकबूल फिदा हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. पंढरपूरला जन्मलेल्या आणि आपल्या इंदुरात वाढलेल्या या चित्रकाराने राजस्थानात जाऊन छत्री, कंदील, जोडा, बकरी, भिंती आणि माणसे टिपली. निवेदन नाही, कथा नाही. एका चौकटीशेजारी दुसरी चौकट ठेवली की मनात काय उमटते, एवढाच खेळ. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. शॉटची निवड विषयाच्या मोठेपणावरून करावयाची नसते, हा धडा त्यात आहे. कंदीलही राजवाड्याइतकाच एकाग्रतेने पाहता येतो.

त्यानंतरच्या काळातील मराठी माणसाचे सर्वांत ठळक काम आनंद पटवर्धन यांचे. त्यांच्या मतांशी सर्वजण सहमत होतील असे नाही आणि तशी आवश्यकताही नाही; येथे प्रश्न कॅमेऱ्याच्या जागेचा आहे. १९७४ च्या बिहार आंदोलनात त्यांनी हाताशी असलेल्या सुपर-८ या लहानशा कॅमेऱ्याने चित्रण केले, ते पडद्यावर पाडून १६ मिलिमीटरच्या फितीवर पुन्हा टिपले आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाला. चित्र खरखरीत आले. परंतु हलका कॅमेरा गर्दीच्या आत, माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, हे त्या खरखरीतून स्पष्ट कळते. मुंबईतील झोपड्या पाडण्याच्या मोहिमेवरील ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये एक प्रसंग आहे. घर उद्ध्वस्त झालेली बाई चित्रण करणाऱ्यांवरच उसळते. आमची चित्रे घेऊन तुम्ही आमचे काय भले करणार, असा तिचा रोख. दुसऱ्या कोणी हा तुकडा कापून टाकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. त्यामुळे प्रेक्षकालाही आपण कोठे बसून हे पाहत आहोत याची जाणीव होते. सिमंतिनी धुरू यांच्यासमवेत केलेल्या ‘नर्मदा डायरी’ (१९९५) साठी कॅमेरा नर्मदाकाठच्या आदिवासी गावांत वर्षानुवर्षे जात राहिला. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) ला चौदा वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. ‘हमारा शहर’ मध्ये त्यांचे गाणे होते. त्या ओळखीच्या धाग्याने सुरू झालेला हा माहितीपट वस्त्यांतून, शाहिरांच्या घरांतून फिरतो. चौदा वर्षे एखाद्या वस्तीत येजा केल्यावर कॅमेरा पाहुणा राहत नाही. घरातली माणसे त्याच्याकडे पाहणे सोडून आपापले बोलू लागतात. तेव्हा कोनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठरतो, तो तेथे किती काळ थांबलात याचा. फाळक्यांच्या वाटाण्याने हेच सांगितले होते.

हा सारा इतिहास सातपुड्याच्या या बाजूला राहून सांगण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण आपल्याच दारात आहे. उदगीरच्या १७६० च्या लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. तेव्हा आणि त्यानंतर या मुलखात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांनी सनदा, वंशावळी, देवघरातले टाक जपून ठेवले. चलच्चित्राच्या बाबतीत मात्र आपल्यापाशी आहे काय? लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी! त्या पुन्हा लावून पाहाव्यात. प्रखर दिव्यामागून कॅमेरा मांडवभर फिरतो, आहेर मोजून दाखवितो आणि ओळीने बसलेल्या वृद्ध स्त्रियांवरून सरकत जातो. ज्या आजीला घरातल्या सगळ्या ओव्या पाठ होत्या, ती तीन सेकंद दिसते. तिचा आवाज तर नाहीच, वर सनईची ध्वनिफीत चढविलेली. निमाडी आणि खानदेशीचा स्पर्श झालेली आपल्या घरांतील मराठी कशी होती, हे उद्या कोणाला ऐकावयाचे झाले तर ती कोठेही सापडणार नाही. कॅमेरा आपल्या घरी आला होता, पण चुकीच्या ठिकाणी उभा होता.

गावाबाहेरच्या वास्तूंचेही तेच. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना सिद्ध झाला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने उताराउताराने शहरापर्यंत आणावयाचे आणि वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी व साफसफाईसाठी कुंड्या खोदावयाच्या, अशी ही योजना. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला, त्यामुळे तेथे कॅमेरे यापुढे वाढतच जातील. वरून टिपले तर मोकळ्या रानात ओळीने मांडलेले गोल कठडे दिसतात; रचना कळते, पाणी दिसत नाही. खाली उतरून भिंगाचे तोंड वर केले तर अंधाराच्या टोकाला आभाळाची वाटोळी चकती दिसते आणि ज्यांनी हे खोदले त्यांना दिवस कसा दिसत असेल ते एका क्षणात कळते. दोन्ही दृश्ये खरी आहेत. पहिले योजना आखणाऱ्याचे, दुसरे राबणाऱ्याचे. केवळ पहिलेच घेऊन परतणारा अर्धा इतिहास घेऊन परततो.

आणि आमचे धूलकोट? मराठीत धूळकोट म्हणजे मातीचा तट. तटाच्या आतून आणि बाहेरून दिसणारे जग वेगवेगळे असते, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. होळीच्या आधी येथे भगोरियाचा हाट भरतो. खानदेशच्या बाजूला त्यालाच भोंगऱ्या म्हणतात. बारेला कुटुंबे ढोल घेऊन डोंगरातून उतरतात. या हाटाची चित्रणे बहुधा गच्चीवरून किंवा मंचावरून होतात. रंगीत फेट्यांचा समुद्र, मग एकदम जवळून चांदीचे दागिने, मग हसणारी तरुण मुलगी. ढोल कोणी मढविला, ती मुलगी किती कोस चालून आली, तिने बाजारातून काय नेले, हे त्यांत नसते. आपण मराठी मंडळीही डोंगराकडे पिढ्यान्पिढ्या गावातूनच पाहत आलो. आपल्या आजीला तीन सेकंद मिळाले याची खंत करताना ही गोष्टही ध्यानी ठेवली पाहिजे.

आज प्रत्येक घरात खिशात मावणारा कॅमेरा आहे. सावे दादांना मिनिटभराची फीत पुरवून वापरावी लागे. आपल्या नातवंडांना तासन्‌तास चित्रण करता येते. म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची सूचना अशी की, येत्या वर्षात प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे निदान एक तासाचे चित्रण करून ठेवावे. या इतिहासातून निघणारे चार-सहा नियम त्यासाठी पुरेत. आजी पाटावर बसली असेल तर कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा. उभ्याने खाली रोखू नये. खिडकी तिच्या पाठीमागे नको, बाजूला असावी, म्हणजे चेहरा काळवंडणार नाही. कॅमेरा तिवईवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर पक्का ठेवावा आणि सारखे जवळ-दूर करू नये. आरंभी खोली आणि माणूस दोन्ही मावतील असे एक दृश्य घ्यावे, मग चेहरा, आणि ती काही करीत असेल तर हात. आवाज टिपणारे साधन तिच्या जवळ असावे, मागे गाणे चढवू नये. ती मध्येच थांबली तर आपणही थांबावे. आठवण पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच येते. आणि सर्वांत आधी तिची संमती घ्यावी.

शेवटी एक गोष्ट, जी राजवाड्यांच्या शिस्तीला धरून आहे. चित्रणाच्या प्रारंभी घेणाऱ्याने आपले नाव, त्या दिवसाची तारीख, गाव आणि समोरच्या माणसाशी असलेले नाते स्पष्ट उच्चारावे आणि मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. शंभर वर्षांनी कोणी संशोधक ते पाहील, तेव्हा कॅमेरा कुठे आणि कोणाच्या हाती होता, हे त्याला अनुमानाने ठरवावे लागू नये.